एकही ओळ गाळू नकोस

२ मार्च

आई,

मी खुशाल आहे असं लिहायची सवय आहे, पण या वेळी लिहीत नाही. तू खुशाल असशील. एवढी मोठी गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवून माणूस खुशाल राहू शकतं, हे मला तुझ्यामुळेच कळलं.

फोन केला असता. पण आपल्या घरचा फोन दादाच्या खिशात असतो, आणि तुझ्याशी बोलायचं म्हटलं की तो स्पीकर लावून शेजारी बसतो. पत्र दुपारी येतं. दुपारी दादा कामावर असतो. वहिनी, वाचून दाखव. सावकाश वाच, आईला नीट ऐकू जाऊ दे.

आई, मला एचआयव्ही आहे. हे मला आता कळलं. तुला आधीपासून माहीत होतं, हेही आता कळलं.

कसं कळलं ते ऐक. आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. साध्या चादरी पांढऱ्या गाठोड्यात, रक्ताने भरलेल्या लाल पिशवीत. लाल पिशवी आली की आम्ही सगळ्या कोपरापर्यंत हातमोजे चढवतो, तोंडाला फडकं बांधतो आणि एकमेकींना पुढे ढकलतो, तू उघड, तू उघड. "एड्सवाल्यांच्या चादरी असतात त्यात," असं मुकादम सांगतो. तेवढंच सांगतो. झाली शिकवणी. मी चादरीला घाबरायचे, आई! हात तीनतीनदा साबणाने धुवायचे आणि घरी जाऊन निर्धास्त झोपायचे.

बाळ गेल्यापासून मी रोज जेवणानंतर एक गोळी घेते. ताकदीची आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, एक दिवसही चुकवायची नाही, असं हे म्हणाले होते. बाटलीवरचा कागद खरवडलेला. विचारलं तर म्हणाले, पाण्याने निघाला. मीही मान हलवली. गेल्या महिन्यात हे आणि दादा नेहमीप्रमाणे बरोबरच लिफ्ट बसवायला परगावी गेले, काम लांबलं, आणि गोळ्या संपत आल्या. म्हटलं, एवढ्यासाठी यांच्या डोक्याला ताप कशाला. हॉस्पिटलमध्ये धुतलेल्या चादरी पोचवायला मी जातेच. तिथल्या औषधांच्या खिडकीत गोळी दाखवली.

खिडकीतल्या माणसाने गोळी उलटीपालटी करून तिच्यावरची अक्षरं वाचली.

"कुणाची आहे?"

"माझी."

"घरात कोणी पुरुष माणूस आहे का? त्यांना पाठवा."

"गोळी मी खाते. पुरुष माणूस येऊन काय करणार, चव सांगणार?"

रांगेतले लोक हसले. तो हसला नाही. त्याने मला बोळाच्या टोकाची खोली दाखवली. त्या खोलीवरून मी कित्येकदा चादरींची ढकलगाडी नेलीय. दारावर 'समुपदेशन' लिहिलंय. मला वाटायचं, वकिलाची खोली असेल.

आत एक चष्मेवाल्या बाई बसतात. त्यांनी विचारलं, "ही गोळी कशासाठी घेता?" मी म्हटलं, ताकदीसाठी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कोणीच काही सांगितलं नाही?" मग त्यांनी मला विचारून माझं रक्त तपासलं, आणि जे निघालं ते मलाच सांगितलं. आई, माझ्याबद्दलची गोष्ट माझ्या तोंडावर सांगणारं ते पहिलं माणूस.

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "बाई, मी तसली नाही."

"तसली म्हणजे कसली?"

मला सांगता येईना. आपल्या घरात तो शब्द नेहमी अर्धाच बोलला गेला. तसली बाई, तसला रोग, तसल्या गोष्टी. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की बाबा खाकरायचे आणि दादा चॅनल बदलायचा. शाळेत तो धडा आला तेव्हा बाईंनी दोन पानं एकत्र धरून स्टेपलर मारला आणि म्हणाल्या, परीक्षेला येत नाही. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला जवळ घेऊन काय शिकवलंस? "तो सांगेल तसं ऐक." ऐकलं, आई. तो म्हणाला ताकदीची गोळी, मी ऐकलं.

बाळ गेल्यावर तू माझ्याकडे येऊन राहिलीस. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा, साबणसुद्धा नवा. मला वाटलं, लाड चाललेत. मी लॉन्ड्रीतल्या बायकांना सांगायचे, आमची आई बघा कशी करते माझं! त्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ताटाने, पेल्याने, टॉवेलने हा रोग कुणाला होत नाही. मग मला सगळं उलगडलं. तू माझे लाड करत नव्हतीस. तू मला घाबरत होतीस.

वर नवऱ्याला 'हे' लिहिलंय ते तसंच राहू दे. खाडाखोड करत नाही. पण यापुढे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. उत्तर पाठव. खरं उत्तर.


२१ मार्च

आई,

तुझं उत्तर आलं. वहिनीच्या अक्षरात. "सर्दीकडे दुर्लक्ष करू नकोस, सकाळ-संध्याकाळ वाफ घे. धाकटीचं लग्न ठरलं. मुलाचं स्वतःचं दुकान आहे. तू चार दिवस आधीच ये."

मी ते तीनदा वाचलं. सर्दी? कुणाची सर्दी? मी चार पानं लिहिली, त्यात सर्दी कुठे होती? आई, तू मला वेडी समजतेस की वहिनीने माझं पत्र भलतंच वाचून दाखवलं, हे मला कळत नाही. वहिनी, तू हे वाचत असशील तर ऐक: गाळू नकोस. एकही ओळ गाळू नकोस. माझ्या आयुष्यात सगळ्यांनी सगळं गाळलंय, निदान माझी पत्रं तरी सबंध राहू देत.

आता पुढचं.

तो परत आला त्या संध्याकाळी मी रिकामी बाटली त्याच्या समोर ठेवली. म्हटलं, हिचं नाव सांग. आधी तो म्हणाला, कसली बाटली. मग म्हणाला, तुला उगाच काळजी नको म्हणून. मग त्याने हत्यारांच्या पेटीतून, पान्यांच्या खालून, तशीच दुसरी बाटली काढली. त्याची. त्या बाटलीवर कागद शाबूत होता. त्याला वाचता यायला हवं ना.

मग मी बाळाचं विचारलं. त्या चष्मेवाल्या बाईंनी मला सांगितलं होतं की आईने वेळेवर गोळ्या घेतल्या तर बहुतेक मुलं निरोगी जन्मतात. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच हा रोग होतो. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मला तेव्हा सांगितलं होतं की बाळाची वाढ थांबलीय, पिशवी साफ करावी लागेल. मी त्याला विचारलं, "वाढ खरंच थांबली होती?"

तो बाटलीचं झाकण फिरवत बसला.

"बोल. आता तुझ्याकडे लपवायला काय उरलंय?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "बाळाला काही झालं नव्हतं. दादा म्हणाला, असं मूल जगात आणून काय करायचं. डॉक्टर त्याच्या ओळखीचा होता. आम्ही ठरवलं."

आम्ही ठरवलं. मी टेबलावर पडलेले, पोट माझं, रक्त माझं, आणि बोळात उभे राहून या दोघांनी ठरवलं. डॉक्टरने माझ्या रक्ताची गोष्ट माझ्या भावाला सांगितली, भावाने माझ्या नवऱ्याला, आणि मग तुला. मी सोडून सगळ्या जगाला. घरातली भांडी घेतानासुद्धा मला विचारतात, आई, कढई केवढी हवी.

आणि तू माझा हात धरून बसली होतीस. मी शुद्धीवर आले तेव्हा तू म्हणालीस, "देवाची मर्जी." कुठल्या देवाची? दादाची ना?

मला तुझ्याकडून एकच ऐकून घ्यायचंय. बाळ चांगलं होतं, हे तुला माहीत होतं का? हो की नाही. एवढंच सांग. वाफेचं सांगू नकोस.

मी त्याची खोली सोडली. लॉन्ड्रीच्या गल्लीत सायकलच्या दुकानाच्या वर एक खोली घेतलीय. आमच्यातली एक बाई, तिला सगळ्या 'तोफ' म्हणतात, तिने मिळवून दिली. गोळ्या आता मी हॉस्पिटलमधून माझ्या नावावर आणते. तब्येत ठणठणीत आहे. रोगाने मला काही केलेलं नाही. केलंय ते माणसांनी.


९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र आईला नाही, तुला आहे. म्हणून तुझ्या शिवणाच्या क्लासच्या पत्त्यावर पाठवलं. एकटी असशील तेव्हा वाच.

दुसऱ्या पत्राचंही उत्तर आलं. "बाळाचं मनावर घेऊ नकोस, अजून वय आहे, पुढच्या वेळी सगळं ठीक होईल." वहिनी, हे आई बोलली नाही. आईला काय ऐकवलंस त्यावर ती हे बोलली. माझी आई मला माहीत आहे. ती रागावते, रडते, विषय बदलते, पण असं गोड गुळमुळीत बोलत नाही. तू काय केलंस? मी 'आम्ही ठरवलं' लिहिलं तिथे 'बाळ गेलं' वाचलंस का?

मी तुझ्यावरही चिडलेय. पण तुझ्याशी भांडायचं नंतर. आधी एक गोष्ट सांगायचीय. ती मी दुसऱ्या पत्रात मुद्दाम लिहिली नाही, कारण मला वाटलं, पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाणार आणि तुझा संसार माझ्या हातून मोडायला नको. आता वाटतं, हाच तर विचार सगळ्यांनी माझ्याबद्दल केला. संसार मोडायला नको. बाई मोडली तर चालेल.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, हे तुला कुठून लागलं? तो उसळला. "मला एकट्यालाच काय पकडतेस? तुझ्या दादाला विचार आम्ही कुठे जायचो. रस्ता मला त्यानेच दाखवला."

वहिनी, ते दोघं लग्नाच्या आधीपासून बरोबर काम करतात. एका खोलीत राहतात, एका डब्यातलं जेवतात. परगावी महिना महिना.

मी तुला घाबरवत नाही. तुला काही असेलच असं नाही. पण माहीत नसणं म्हणजे नसणं नव्हे, हे मी भोगून सांगते. तू तपासून घे. बोटाला सुई टोचतात, थोडा वेळ बसायचं, झालं. पैसे लागत नाहीत, नवऱ्याची परवानगी लागत नाही, सही तुझी चालते. मला आधी खरंच वाटलं नव्हतं की बाईची एकटीची सही कुठे चालत असेल.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे, कारण माझ्याही आलं होतं. की असं विचारणं म्हणजे नवऱ्यावर संशय घेणं. की चांगल्या घरातल्या बायका त्या खोलीत जात नाहीत. वहिनी, त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आता बऱ्याचदा बसते. तिथे येतात त्या सगळ्या चांगल्या घरातल्याच असतात. मान खाली घालून, पदराआड, ओढणीआड. एकीला तिची सासू घेऊन आली होती. सासू तिच्या वतीने उत्तरं देत होती. शेवटी चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं झालं असेल तर जरा बाहेर बसा, आता हिचं ऐकू."

काल मी तोफेला सगळं सांगितलं. आम्ही लाल पिशवी उघडत होतो. म्हटलं, जी काय व्हायची ती बोंब होऊ दे. ती हातातलं चादरीचं टोक तसंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं हातमोजे आपण भलत्याच ठिकाणी घातले म्हण की." आम्ही दोघी इतक्या हसलो की मुकादम ओरडला. मग तिचं हसू थांबलं, आणि ती म्हणाली, "माझा नवरा बोटीवर असतो, आठ आठ महिने." एवढंच बोलली. पुढची पिशवी तिने एकटीने उघडली.

तू ये. बाजारात जाते म्हण, क्लासला जाते म्हण, काय वाटेल ते सांग. खोटं बोलायचंच असेल तर एकदा स्वतःसाठी बोल.


३० एप्रिल

आई,

हे पत्र वहिनी वाचणार आहे, आणि या वेळी सगळं वाचणार आहे. तिने मला शब्द दिलाय. धाकटीला बाहेर पाठवायचं नाही. बाबांना खाकरायचं असेल तर खुशाल खाकरू दे.

वहिनी परवा माझ्याकडे आली होती. तुम्हाला तिने सांगितलं की क्लासच्या बाईंबरोबर मशीन बघायला चाललेय. मशीन नव्हतं. ती हॉस्पिटलमध्ये आली होती, माझ्याबरोबर.

बाकावर बसलो होतो तेव्हा मी तिला विचारलं, पहिल्या पत्राचं तू केलंस तरी काय? ती म्हणाली, "बाबा समोर बसले होते. 'आई, मला' इथपर्यंत वाचलं आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. मी आपलं 'सर्दी आहे' म्हटलं. एकदा सर्दी म्हटल्यावर पुढची चार पानं सर्दीचीच करावी लागली. घामाघूम झाले. बाबा म्हणाले, केवढं लिहिलंय पोरीने सर्दीवर!"

मला हसू आलं आणि तिची मानगूट धरावीशीही वाटली. दुसऱ्या पत्राच्या वेळी धाकटी कपड्यांच्या घड्या करत बसली होती, आणि वहिनीला वाटलं की लग्न ठरलेल्या मुलीच्या कानावर हे नको. म्हणजे ज्या मुलीला हे कळायची सगळ्यांत जास्त गरज, तिच्याचपासून लपवायचं. वहिनीने हे स्वतःच्या तोंडाने बोलून बघितलं, आणि मग कपाळावर हात मारला.

आत गेल्यावर चष्मेवाल्या बाईंनी तिला विचारलं, काय माहिती आहे तुम्हाला याबद्दल? आई, वहिनी बारावी पास आहे. आपल्या घरात तिच्याइतकं कोणी शिकलेलं नाही, म्हणून तर तुझी पत्रं ती वाचते. ती म्हणाली, "डास चावून होतो ना?" आणि मग जीभ चावली. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माहिती नसणं हा तुमचा दोष नाही. ज्यांना माहिती असते ते सांगत नाहीत."

वहिनीला काही नाही. तिचा निकाल चांगला आला. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा बघायचं म्हणाल्या, पण घाबरण्यासारखं नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. थेट माझ्या खोलीवर आली आणि माझ्या फोनवरून तिने दादाला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा स्पीकर आम्ही लावला.

"मी तपासणी करून घेतली," ती म्हणाली. "कसली ते विचारू नका, तुम्हाला माहीत आहे."

दादा आधी खाकरला, अगदी बाबांसारखा. मग म्हणाला, "वेडी आहेस का? कशाला गेलीस? मी दोन वर्षांपूर्वीच करून घेतलीय. मला काही नाही."

ऐकलंस, आई? त्याला माझ्याबद्दल कळलं त्याच आठवड्यात त्याने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. स्वतःची खात्री केली, निवांत झाला, आणि घरी येऊन तुला सांगितलं की हिला सांगू नका, ही जीव देईल. मी जीव देईन? मी चादरींच्या गाठोड्यांत बुडालेली, घामाने चिंब, दिवसभर उभी राहणारी बाई आहे. मी एवढ्याने मरत नाही. मला कळलं तेव्हा मी त्या खोलीतून उठले, ढकलगाडी घेतली आणि उरलेल्या चादरी पोचवून आले. तुम्हाला माझ्या जिवाची काळजी नव्हती. मी विचारीन, याची होती.

वहिनीने फोन ठेवला. म्हणाली, "त्याने मला सांगितलं असतं तर एक मिनिट लागलं असतं." मग कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली, एक मिनिट लागलं असतं.

आता धाकटीसाठी. धाकटे, तू ऐकतेयस ना? मुलाचं दुकान आहे, घर आहे, स्वभाव शांत आहे, सगळं बघितलंत. एक विचारायचं राहिलं. तुम्ही दोघांनी लग्नाआधी तपासणी करून घ्या. दोघांनी. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तू वाईट आहेस म्हणूनही नव्हे. मला कोणी हे सांगितलं असतं, आणि मी विचारलं असतं, तर माझं मूल आता घरभर रांगून चालायलाही लागलं असतं.

आणि आई, तो प्रश्न अजून तसाच आहे. बाळ चांगलं होतं, हे तुला माहीत होतं का?


१८ मे

आई,

वहिनीचं पत्र आलं, दादाचा फोन आला, धाकटीची चिठ्ठी आली. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, पण तिन्हींत मला एकच आवाज ऐकू येतोय, पत्र सबंध वाचलं गेल्याचा.

दादा फोनवर किंचाळत होता. घराची अब्रू, धाकटीचं लग्न, बाबांचं ब्लडप्रेशर. मी त्याला म्हटलं, "दादा, बाबांच्या ब्लडप्रेशरचं त्यांना सांगितलंयस ना? की ताकदीच्या गोळ्या म्हणून देतोस?" त्याने फोन आपटला.

तोही, म्हणजे नवरा, लॉन्ड्रीच्या फाटकावर आला होता. दाढी वाढलेली. म्हणाला, "मीपण घाबरलो होतो गं." मला त्याची कणव आली, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "तू घाबरलास म्हणून मी आंधळी राहायचं? गोळ्या वेळेवर घे. मरू नकोस. पण माझ्याकडे येऊ नकोस." तोफ मागे उभी होती, तिच्या हातात ओल्या चादरीचा पिळा होता. तो गेला.

धाकटीने त्या मुलाला विचारलं म्हणे. एवढी लाजरी पोर, पण तिने स्वतः फोन करून विचारलं. तो म्हणाला, "असल्या गोष्टी तुला कुणी शिकवल्या?" चार दिवसांनी त्यांच्या घरून निरोप आला, संबंध नको. धाकटी मला लिहिते: "तुझ्यामुळे मोडलं. बरं झालं की वाईट, ते मला अजून कळत नाही. इतक्यात माझ्याशी बोलू नकोस." नाही बोलणार. तिचा राग तिला लखलाभ. मला फक्त एवढंच वाटतं की तो मुलगा 'चल, दोघं जाऊ' म्हणाला असता, तर मी तिच्या लग्नात सगळ्यांच्या आधी येऊन बसले असते.

आणि आता तुझं. वहिनीने सगळं लिहिलंय. ती पत्र वाचत होती, एकही ओळ न गाळता, आणि बाबा उठून बाहेर गेले, आणि दादा मध्येच आला आणि म्हणाला, बंद कर. तू म्हणालीस, "वाच." वहिनीने शेवटपर्यंत वाचलं. मग तू म्हणालीस, "मला त्याने सांगितलं होतं, मूल तसंच रोगी होईल आणि वर्षभरात डोळ्यांसमोर जाईल. मला वाटलं, पोरीला तेवढं तरी बघायला लागू नये."

म्हणजे तुला माहीत नव्हतं. तुलाही गाळूनच सांगितलं होतं.

हे वाचून मी खूप रडले, आणि मग पुन्हा चिडले. कारण तू त्याला विचारलं नाहीस, आई. असं कोण म्हणतं, कुठल्या डॉक्टरने सांगितलं, दुसरा डॉक्टर आहे का, पोरीला विचारलं का. एकही प्रश्न नाही. त्याने सांगितलं आणि तू ऐकलंस, जसं मला ऐकायला शिकवलंस. तुझ्यावर दया करावी की तुला गदागदा हलवावं, तेच मला समजत नाही.

पण वहिनी लिहिते, पत्र संपल्यावर तू म्हणालीस, "पण तो रोग नेमका होतो तरी कशाने?" चार मुलं झाली तुला, त्यातलं एक गेलं, आणि हा प्रश्न तू आज पहिल्यांदा विचारलास. दादा म्हणाला, "आई, तू गप्प बस." आणि तू म्हणालीस, "मी तुला विचारलं नाही. वाचणारीला विचारलं."

आई, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तोफेलाही वाचून दाखवलं.

वहिनी तुला सांगू शकली असती, पण ती म्हणाली, हे त्यांना तूच सांग. मग ये. मी पत्रात लिहिणार नाही. माझ्या खोलीवर ये, राहा, मी दुपारची सुट्टी काढते. काय हवं ते विचार, बाळाचंही विचार, मी उत्तर देईन. दादाला बरोबर आणू नकोस. माफी मागायला येत असशील तर राहू दे. तेवढी मोठी मी झालेली नाही, माझा राग इतक्यात जाणार नाही आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

थांब्यावर मी घ्यायला येणार नाही. बस जिथे थांबते तिथे उतर आणि लॉन्ड्रीची गल्ली कुठे म्हणून कुणालाही विचार. लाजू नकोस. मोठ्याने विचार.